‘डेट’मधला बी आणि आपली केयी

ताई, नमस्कार.

इंग्रजी स्पेलिंग सुधारण्याच्या गमतीदार सूचनांवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवता, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: जी-एच-ओ-टी-आय म्हणजे ‘फिश’ हा विनोद बर्नार्ड शॉ यांचा नाही, अशा थट्टेमुळे खेड्यातल्या मुलांना इंग्रजी आणखी नकोसं होतं, आणि मराठीसारखं ‘बोलतो तसं लिहितो’ केलं की प्रश्नच मिटतो.

पहिलं पूर्ण मान्य. ‘इनफ’मधला जी-एच म्हणजे फ, ‘विमेन’मधला ओ म्हणजे इ, ‘नेशन’मधला टी-आय म्हणजे श, ही जुळणी १८५५च्या एका पत्रात आहे. शॉ यांचा जन्मच १८५६चा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

दुसरं मात्र पटत नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात शिकलो. नववीत श्रुतलेखनात ‘डेट’ (डी-ई-बी-टी) म्हणजे कर्ज हा शब्द बी न घालता लिहिला, म्हणून अख्खा तास उभा राहिलो. आमच्या घरी रोज पीककर्जाचंच बोलणं; त्या शब्दाचा अर्थ वर्गात मला सगळ्यांत जास्त कळत होता! तो बी कुठून आला हे कोणी सांगितलं नाही. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून तो पुढे घातला गेला, आणि उच्चारात कधी आलाच नाही. म्हणजे माझा कान बरोबर होता. एवढं तेव्हा कळलं असतं तर पुढची दोन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो नसतो. त्या विनोदांमध्ये हसू होतं ते स्पेलिंगचं, मुलाचं नाही. मुलाला ते धीर देतात.

आता ‘बोलतो तसं लिहितो’. कोणाचं बोलणं, ताई? आमच्याच जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीला केयी म्हणतात, शाळेला शाया, डोळ्याला डोया. पोरगं वहीत ‘केयी’ लिहितं तेव्हा ते बोलतं तसंच लिहितं, आणि आपण तिथे लाल रेघ मारतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च तरी एक कुठे आहे? इंग्रजीचीही हीच अडचण. ‘कार’च्या शेवटचा आर लंडनचा माणूस सहसा उच्चारत नाही, अमेरिकेतला बहुधा स्पष्ट म्हणतो. लिहायचं कोणाच्या तोंडून?

म्हणूनच मार्क ट्वेन यांच्या नावावर फिरणारी ती सूचना मला फार मोलाची वाटते: पहिल्या वर्षी सी काढा, त्याच्या जागी के किंवा एस घाला, मग दरवर्षी आणखी एक सुधारणा. प्रत्येक पायरी रास्त, आणि शेवटचं वाक्य वाचताच येत नाही. खऱ्या प्रयत्नांचंही फारसं वेगळं झालं नाही. १९०६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईसाठी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगं लागू केली. संसदेने ती त्याच वर्षी हाणून पाडली. अमेरिकेचे शब्दकोशकार वेबस्टर यांनी ‘कलर’मधला यू गाळला तो तिथे टिकला, पण ‘टंग’चं (जीभ) टी-यू-एन-जी कोणी घेतलं नाही.

एक विनंती. येत्या आठवड्यात फळ्यावर ‘डेट’ लिहा, न बोलणारं अक्षर मुलांना शोधू द्या आणि मग बीची गोष्ट सांगा. मुलं काय म्हणाली ते मला नक्की कळवा.