आण्णांची रात्रपाळी

"या आठवड्यात दिवसाची आहे का रात्रीची?" आमच्या घरी सोमवारी सकाळी चहासोबत हा प्रश्न ठरलेला असायचा. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की आण्णा, म्हणजे माझे वडील, लवकर जेवून, डोक्याला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे.

उसाला दारं धरणं म्हणजे काय, हे शहरातल्या मैत्रिणींना सांगते. पाणी पाटानं येतं. एक सरी भरली की फावड्यानं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. अंधारात, पोटरीएवढ्या चिखलात, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. मध्येच लाईट गेली की मोटरीपर्यंत चालत जायचं, आली की पुन्हा चालत जायचं. डीपीचा, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला तर त्या रात्रीचं पाणी गेलंच. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात त्याच उसात बिबट्या राहतो. तिथेच त्याची पिल्लं वाढतात. आई रात्रभर तासातासाला मिस्ड कॉल द्यायची. आण्णांनी फोन कट केला की समजायचं, ठीक आहे. एकदा त्यांनी कट केला नाही. फोन चिखलात पडला होता, एवढंच झालं होतं, पण त्या वीस मिनिटांत आई आणि मी काय अवस्थेत होतो ते मला लिहिता येणार नाही.

आज हे लिहितेय, कारण हवामानबदलाशी लढणारी माणसं कोण असं कुणी विचारलं की मला मोठी भाषणं आठवत नाहीत. दिवसा लाईट मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खपलेली माणसं आठवतात.

एक हिशेब मी वहीत मांडून पाहिला. आमची खालच्या मळ्यातली मोटर पाच एचपीची. आठ तास चालली की साधारण तीस युनिट होतात. कोळशावरच्या विजेत एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दिवसाला अठरा-वीस किलो, एक घमेलंभर. आमच्या उसाच्या पाण्यासाठी रोज एक घमेलं कोळसा कुठेतरी भट्टीत पडत आला. महाराष्ट्रात असे चाळीस लाखांहून जास्त शेतीपंप आहेत. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, आणि त्याच्या आजूबाजूची माणसं कोळशाची राख वर्षानुवर्षं श्वासातून घेतात. उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांत चंद्रपूरचं नाव असतंच. आण्णा अंधारात पाणी धरायचे आणि तिकडे कुणाच्या तरी अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची. हे दोन्ही एकाच तारेला जोडलेलं आहे हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली.

ही तार दिवसा आणि उन्हावर कशी चालवायची याचं उत्तर साधं आहे. गावाजवळच्या ३३ केव्ही सबस्टेशनच्या आसपास काही मेगावॅटचा छोटा सौर प्रकल्प उभारायचा, आणि त्याची वीज लांब कुठे न पाठवता तिथल्याच शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीपंपांकडे जाणाऱ्या लाईनला, द्यायची. ऊन असतं तेव्हाच मोटरी चालतात, त्यामुळे बॅटऱ्यांचा खर्च नाही. वीज जवळच तयार होते म्हणून वाटेतली गळती कमी. ही वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. शेतकऱ्याला स्वतः पॅनेल घ्यावं लागत नाही, त्याची जुनी मोटर तीच राहते. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवातीचे प्रयोग राळेगणसिद्धीला आणि यवतमाळ जिल्ह्यात कोळंबीला झाले. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा, खूप मोठा टप्पा सुरू झाला आणि २०२४ मध्ये त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला चालू झाला. तीन मेगावॅटचा. एवढ्याशा प्रकल्पावर सतराशेहून जास्त शेतकऱ्यांचं पाणी दिवसा आलं. सतराशे घरांतली रात्रीची काळजी एका प्रकल्पानं कमी केली, असं मी त्या आकड्याकडे बघते.

योजनांना नाव सरकारचं लागतं, ते लागू दे. पण ही कल्पना आकडेमोडीसकट मांडणाऱ्यांत आणि रेटत राहणाऱ्यांत पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटातली माणसं होती. या लोकांबद्दल मला फार वाटतं. नव्वदच्या दशकात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प आला, तेव्हा वीजखरेदीच्या कराराचा कागदन्‌कागद तपासून तो ग्राहकाला किती महागात पडेल हे 'प्रयास'चे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. आयआयटीत शिकलेला माणूस, कुठेही जाऊ शकला असता. त्यानं इथं बसून वीजबिलं, दर आणि शेतीपंपांच्या अनुदानाचा अभ्यास केला. अनुदान नेमकं कुणाच्या शेतात जातं हा प्रश्न त्यांनी १९९६ मध्येच आकड्यांनिशी विचारला होता. २०१२ मध्ये ते अकाली गेले. त्यांचे सहकारी आजही वीज नियामक आयोगासमोरच्या सुनावण्यांना जातात, शेकडो पानांच्या याचिका वाचतात, हरकती नोंदवतात. या कामाचा फोटो निघत नाही. पण आण्णांना एखाद्या दिवशी सकाळी दहाला मोटर चालू करता येणार असेल, तर त्यामागे असं कुणीतरी टेबलाशी वाकून बसलेलं असतं.

दुसरी माणसं मराठवाड्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या भागात घरं पुन्हा बांधायच्या कामात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था या कामातून उभी राहिली. पुढे या संस्थेसोबत हजाराहून जास्त बायकांनी सौरदिवे, धूर कमी करणाऱ्या चुली विकायला आणि दुरुस्त करायला घेतल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलाचं काम पाहणाऱ्या विभागानं या कामाला पुरस्कार दिला. मला पुरस्कारापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही बाई ज्या गावात दिवा विकते त्याच गावात राहते. दिवा बंद पडला तर संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर तिला गाठून विचारता येतं, "काय गं, तुझा दिवा लागंना." तिला पळून जायला जागा नाही, आणि म्हणून तिचे दिवे चालू राहतात.

आणि मराठवाडा-विदर्भात शेती एकटीनं करणाऱ्या किती बायका आहेत, याचा विचार दिवसाच्या लाईटबद्दल बोलताना कुणी करत नाही. नवरा गेलेला, पोरं लहान, रात्री अडीचला मोटर चालू करायला कोण जाणार? मग दिराच्या हातापाया पडा, नाहीतर पाणी सोडून द्या. अशा बाईसाठी सकाळी दहाची लाईट म्हणजे स्वतःची शेती स्वतः करता येणं. मला हवामानबदलावरचं सगळ्यात मोलाचं काम हे वाटतं. ज्यात जगाचाही फायदा आहे आणि त्या बाईचा आजच, याच हंगामात आहे.

आता आमच्या घरचं. आमच्या वरच्या विहिरीला वीजजोड मिळतच नव्हता. पैसे भरून वर्षानुवर्षं 'पेड पेंडिंग'. शेवटी तिथे सौरपंप घेतला. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाचच टक्के, बाकी सरकारचं. पाच वर्षं दुरुस्तीची हमी. पॅनेल बसले त्या दिवशी आण्णांनी नारळ फोडला. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा ते बराच वेळ पाइपाखाली हात धरून उभे होते.

सात महिन्यांनी वळवाच्या वाऱ्यात दोन पॅनेल तडकले आणि पाणी थांबलं. मे महिना, टोमॅटो फुलावर. ज्या कंपनीनं बसवले तिच्या नंबरावर तीन आठवडे फोन केले. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, माणूस आला नाही. आण्णा एकदा म्हणाले, "अगं, ऊन आहे, पाणी आहे, मधला माणूसच नाही." या विषयावर मी जे काही वाचलंय त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

शेवटी एक पोरगा आला. आयटीआय केलेला, बाविशीतला, मोटारसायकलला टूलची पिशवी बांधलेली. दोन तालुके त्याच्याकडे. पॅनेल बदलायला त्यानं आणखी दहा दिवस घेतले, पण त्या दिवशी तडकलेले दोन बाजूला काढून, तारा फिरवून निम्मं पाणी तरी सुरू करून दिलं. जेवायला थांबला आणि आण्णांना बसून सगळं समजावलं. पॅनेल भर उन्हात धुवायचे नाहीत, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जातो, सकाळी लवकर पुसायचे. बांधावरच्या बाभळीची एक फांदी एका पॅनेलवर सावली टाकत होती, ती त्यानंच तोडायला लावली, कारण एकावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. मे महिन्यात ऊन कडक असूनही पाणी का कमी वाटतं, हेही त्यानं सांगितलं. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. आण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला फडकं घेऊन जायला लागले. पंपाच्या पेटीशेजारच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं त्या पोराचा नंबर लिहिला. शेजारचे चार शेतकरीही तिथूनच नंबर घेतात.

मला जे सांगायचंय ते या पोराबद्दल आहे. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ. बंद पडल्यावर परत येणारा माणूस जर नसेल, तर दोन-चार वर्षांत महाराष्ट्रभर काचेचे सांगाडे उभे राहतील, आणि शेतकरी म्हणेल, सौर म्हणजे फसवणूक. एकदा तो विश्वास गेला की परत आणता येत नाही. बहुतेक गावांत सौर पथदिव्यांचा असा एखादा खांब तुम्ही पाहिला असेल, दिवा नसलेला, ज्याला आता म्हशी बांधतात. मेगावॅट किती बसले याचे आकडे रोज छापून येतात. त्यातले आज किती चालू आहेत हा आकडाही तितक्याच ठळकपणे छापायला हवा.

आणखी एक बोलायला हवं, कारण माझ्यासारखे सौरवीज हवी म्हणणारे लोक हे बोलायला कचरतात. स्वच्छ वीज म्हणजे आपोआप न्यायाची वीज होत नाही. पुणे जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. मुळशीचं धरण कोळशाच्या धुराशिवायची वीज मुंबईला देण्यासाठीच झालं, आणि त्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत उभे राहिले. जमीन गेलीच. कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी साठ वर्षं झगडताहेत. आज सौर प्रकल्पांसाठी गायरानं घेतली जातात. कागदावर ते गायरान 'पडीक' असतं. मेंढपाळाला आणि चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला विचारा ते पडीक आहे का. खाजगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतात. चांगलं आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या शेळ्या कुठे चरायच्या? ग्रामसभेत हा प्रश्न आधी यावा, कुंपण घातल्यावर नाही. मला दिवसाची लाईट हवी आहे, मनापासून हवी आहे, म्हणूनच ती कुणाच्या शेळ्यांचं गवत काढून घेऊन येऊ नये असं वाटतं.

भूजलाचंही तेच. फुकटचं ऊन आहे म्हणून विहीर तळापर्यंत उपसायची नाही, हे गावानं मिळून ठरवावं लागेल. हा वेगळाच मोठा विषय आहे, कधीतरी सविस्तर लिहीन.

आमच्या खालच्या मळ्याचा फीडर अजून सौरवर आलेला नाही. सबस्टेशनजवळ जागेची मोजणी झाली असं ऐकते. तोवर तिथे रात्रपाळी आहेच. आता आण्णांऐवजी भाऊ जातो आणि आईचे मिस्ड कॉल त्याच्या फोनवर जातात.

तो पोरगा मागच्या महिन्यात चाकणच्या एका कारखान्यात लागला. दोन तालुक्यांची फिरती, पेट्रोल स्वतःचं, पगार कधी वेळेवर नाही, तर काय करेल. त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. भिंतीवरचा नंबर आण्णांनी पुसलेला नाही. परवा पंप अडकला तेव्हा त्यांनी त्यालाच फोन केला, आणि सुट्टीच्या दिवशी तो चाकणहून आला. कंट्रोलरमधली एक ढिली वायर आवळली, चहा प्यायला. आण्णा पैसे देत होते, त्यानं घेतले नाहीत. मला ते अजिबात बरं वाटलं नाही. त्या कामाचा पगार त्याला दर महिन्याच्या एक तारखेला मिळायला हवा होता, म्हणजे तो गेलाच नसता.

तुमच्या गावात असा कुणी असेल, पॅनेल दुरुस्त करणारा पोरगा, दिवे विकणारी बाई, रात्री खांबावर चढणारा वायरमन, तर त्यांच्याबद्दल खाली लिहा. त्यांना पगार वेळेवर मिळतो का, तेही विचारून लिहा.