सायक्लोरामातलं विटांचं घर मॅकफर्सनचं नव्हे

अमेरिकेतल्या अटलांटाच्या सायक्लोरामाचा, म्हणजे तिथल्या यादवी युद्धातल्या लढाईच्या अवाढव्य गोलाकार चित्राचा फोटो जोडून एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चित्रात मधोमध दिसतं त्या विटांच्या घरात २२ जुलै १८६४ ला उत्तरेच्या (युनियन) सैन्याचा जखमी जनरल मॅकफर्सन याने त्याचा वरिष्ठ सेनापती शर्मन याच्या मांडीवर प्राण सोडला, दोन दिवस त्याचं शव तिथेच दर्शनाला ठेवलं होतं, आणि मित्राचा सूड म्हणून शर्मनने लगोलग अटलांटा पेटवलं. यात तारीख तेवढी बरोबर आहे.

आधी घर, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. घरं दोन होती आणि दोन्ही हर्ट घराण्याची. चित्रातलं विटांचं, बांधकाम अर्धवट राहिलेलं घर ट्रूप हर्टचं, जॉर्जिया रेल्वेच्या रुळांलगत. तिथून मैलभर अंतरावर टेकडीवर ऑगस्टस हर्टचं घर होतं. त्या वेळी तिथे हॉवर्ड नावाचा दारू गाळणारा राहत होता, म्हणून शर्मनच्या आठवणींत ते ‘हॉवर्ड हाउस’ म्हणून येतं. शर्मनचा मुक्काम इथे होता आणि शव आणलं तेही इथेच. पण लोक ‘हर्ट हाउस’ शोधायला निघतात आणि चित्रातल्या घरापाशी जाऊन थांबतात. आपल्याकडे पडका वाडा दिसला की तो पेशव्यांचाच ठरतो, त्यातलाच प्रकार! टेकडीवरच्या त्या घराचा आज मागमूस नाही. तिथे आता माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे.

एवढं ठाऊक नसलं तरी चित्र नीट बघितलं तर शंका यायला हवी. मॅकफर्सन पडला दुपारी दोनच्या सुमारास. चित्रातली वेळ आहे साडेचारच्या आसपासची. कॉन्फेडरेट, म्हणजे शत्रूपक्षाच्या दक्षिणी राज्यांच्या सैन्याने विटांच्या घरापाशी फळी फोडली होती आणि शर्मनची माणसं ती परत घ्यायला धावतायत, असा तो प्रसंग. आपल्या सेनापतीचं शव शत्रू घुसलेल्या घरात कोण नेऊन ठेवेल?

मांडीवर प्राण सोडल्याचं दृश्य तर निव्वळ सिनेमातलं. शर्मनने स्वतः लिहिलंय ते असं. त्या दिवशी दोघं झाडाखाली नकाशा घेऊन बसले होते. डाव्या बाजूने, मागून तोफा ऐकू आल्या. शर्मनने खिशातलं होकायंत्र काढून आवाजाची दिशा पाहिली, मॅकफर्सन घोड्यावर बसून निघाला. काही वेळाने बातमी आली की त्याचा घोडा एकटाच परतलाय, तोही जखमी. रानातल्या वाटेवर मॅकफर्सन थेट शत्रूच्या तुकडीसमोर गेला होता. थांब म्हणाले, तर त्याने टोपी उचलली, घोडा वळवला, आणि गोळी लागली.

मग रुग्णगाडीतून शव आलं. दार बिजागऱ्यांतून उखडून त्यावर ठेवलं. डॉक्टर ह्यूविट यांनी कोट आणि सदरा उघडून जखम तपासली आणि सांगितलं, गोळी लागल्यावर काही क्षणांतच गेला असणार. पायात बूट, हातात मोजे, निघताना होते तसेच. पाकीट मात्र नव्हतं, आणि त्याच सकाळी शर्मनने त्याला लिहिलेली चिठ्ठी शत्रूच्या हाती पडली असेल तर? ते पाकीट पुढे एका कैद्याच्या झोळीत सापडलं. मांडीवरच्या दृश्यापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं: मित्र दारावर निजलाय आणि शर्मनला चिठ्ठीची धास्ती.

दोन दिवस? बाहेर लढाई चालूच होती, घरावर मारा होत होता. घर पेट घेईल या भीतीने शर्मनने शव मॅरिएटाला हलवायला सांगितलं आणि त्याच रात्री ते तिथे पोचलंसुद्धा. पुढे ओहायोतल्या क्लाइडला, त्याच्या आईच्या घराशेजारी दफन झालं. लहानपणी तो जिथे खेळायचा त्या घरच्या फळबागेचा काही भाग त्या दफनभूमीत आहे.

सूडाचं एका ओळीत आटोपतं: अटलांटा शर्मनच्या हाती आलं २ सप्टेंबरला, आणि आग लागली नोव्हेंबरच्या मध्यावर, तो समुद्राकडे निघाला तेव्हा. नाट्यच हवं होतं तर ते समोर होतं. त्या दिवशी शत्रूचं सैन्य ज्याच्या हाताखाली लढत होतं तो जनरल हूड वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत मॅकफर्सनच्याच वर्गात होता, आणि त्याच्या मृत्यूने आपल्याला दुःख झालं असं त्याने लिहून ठेवलंय.

मॅकफर्सन पडला ती जागा बघायची असेल तर ईस्ट अटलांटात मॅकफर्सन अव्हेन्यू आणि मॉन्युमेंट अव्हेन्यू मिळतात तिथे जा. तोंड वर करून उभी रोवलेली एक तोफ आहे. तीही त्या विटांच्या घराच्या जागेपासून लांबच, दक्षिणेला.