जाड ट्यूब, कमी हवा आणि सोलापूरचे काटे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातल्या सायकलस्वारांच्या मोबाइलवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : पंक्चर ट्यूबला होते, त्यामुळे टायर कुठलाही चालतो, पैसे जाड ट्यूबवर घालावेत, उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, टायरवर छापलेला टीपीआय हा आकडा जितका जास्त तितका टायर मजबूत, मोठ्या रबरी ठोकळ्यांच्या टायरला काटा लागत नाही, आणि ट्यूबमध्ये एकदा सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारे द्रव, भरले की पंक्चरचा विषय संपला. मी जुळे सोलापुरातून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत रोज सायकलने जातो. त्या वाटेवर माझ्याबरोबर असणाऱ्या अनेकांची सायकल ही हौस नसून गरज आहे आणि एक पंक्चर म्हणजे त्यांच्यासाठी उशिरा लागलेली हजेरी असते. म्हणून यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान ट्यूबचे. साध्या सायकलची ट्यूब जेमतेम मिलिमीटरभर जाड असते आणि जाड म्हणून विकली जाणारी ट्यूब रस्त्याकडच्या बाजूला त्याच्या काही पट जाड असते, हे खरे आहे. पण आपल्या रस्त्यांवर काय पडलेले असते ते आधी पाहावे. वेड्या बाभळीचा काटा बोटाच्या दोन पेरांएवढाही सापडतो. पावसाळ्यानंतर कडेच्या मातीत सराटे वाळतात. त्यांचे फळ फुटून पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचे एखादे टोक वर राहते. तिसरी वस्तू म्हणजे मालट्रकांच्या फाटलेल्या टायरांमधून गळणारी पोलादी तार. पुणे-हैदराबाद महामार्गाच्या कडेला ती ठिकठिकाणी पडलेली असते. या तिन्ही गोष्टी आधी टायर भेदतात आणि मगच ट्यूबपर्यंत येतात. काटा टायरमधून आरपार आला की तो प्रत्येक फेऱ्याला ट्यूबवर दाबला जातो आणि जाड ट्यूब त्याला फक्त थोडा उशीर लावते.

खरी अडवणूक टायरमध्येच व्हायला हवी. चांगल्या टायरमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली काटारोधक पट्टा बसवलेला असतो. तो कधी दाट विणीच्या नायलॉनचा, कधी अ‍ॅरामिडचा म्हणजे केव्हलारच्या जातीच्या धाग्याचा, तर कधी चिवट रबराचा असतो. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये हा रबरी थर 5 मिलिमीटर जाडीचा आहे. त्याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण असा एक टायर साधारण किलोभर भरतो आणि चढावर ते जाणवते. रोजच्या दहा-पंधरा किलोमीटरसाठी एवढे वजन मी आनंदाने ओढतो. शर्यतीची हौस असलेल्याने ते ओढू नये. टायर घेताना एक प्रश्न मात्र स्पष्टपणे विचारावा : पट्टा आहे का, आणि तो कुठे आहे? मी एकदा ‘केव्हलार’ लिहिलेला टायर चांगले पैसे मोजून घेतला. घरी येऊन नीट वाचल्यावर कळले, की केव्हलार फक्त कडेच्या तारेच्या जागी होते, टायरची घडी करता यावी म्हणून. रस्त्याकडच्या बाजूला साधे रबरच होते आणि पहिल्याच आठवड्यात सराट्याने ते सिद्ध केले.

मापाचेही भान ठेवावे. जुन्या काळ्या सायकलचा 28 × 1½ टायर आणि नव्या सायकलचा 700 सी टायर हे दोन्ही बोलण्यात ‘अठ्ठावीसचे’ असतात, पण पहिल्याचा रिमवर बसणारा व्यास 635 मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा 622. टायरच्या कडेवर 40-635 किंवा 37-622 असा, आधी रुंदी आणि मग व्यास सांगणारा आकडा असतो, तोच दुकानात सांगावा. ट्यूबही टायरच्या रुंदीला साजेशी हवी, कारण अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये फुगवली की ताणून पातळ होते आणि मग जाड ट्यूब घेण्याचा उद्देशच उरत नाही.

दुसरे विधान उन्हाचे. ते सर्वांत जास्त पाळले जाते आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उभी सायकल त्याहून तापते, म्हणून भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशोब करून पाहावा. सकाळी 25 अंशांवर 50 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरली आणि दुपारी टायरमधली हवा 60 अंशांपर्यंत तापली, तरी दाब साधारण साडेसात पीएसआयने वाढतो. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या पंधरा-वीस टक्के खाली हवा भरली, तर एवढी वाढ सामावते. उन्हात ट्यूब फुटते तेव्हा कारण बहुधा आधीपासून तिथे असते : टायरची कड रिममध्ये नीट बसलेली नसते, कडेला चीर पडून ट्यूब बाहेर डोकावत असते, किंवा जुने ठिगळ उष्णतेने सुटू लागलेले असते.

उलट कमी हवेने काय होते ते पाहावे. खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या धारेवर टायर पुरता दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेमटते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात. पंक्चरवाल्या दादांनी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवताना जवळजवळ दोन ठिकाणांहून बुडबुडे आले, तर दोष काट्याचा नसून कमी हवेचा आहे असे समजावे. शिवाय मऊ टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ती फाटते. त्या जागी ठिगळ बसतच नाही. मागच्या चाकावर वजन जास्त असते, म्हणून त्यात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी आणि दर आठवड्याला दाबमापकाने तपासावी. अंगठ्याने दाबून अंदाज येतो, पण तो नेमका नसतो.

टीपीआयविषयीचा गैरसमज सोलापुरात तरी व्हायला नको होता. टीपीआय म्हणजे टायरच्या अंगातल्या धाग्यांची दर इंचातली संख्या. इंचात जास्त धागे बसवायचे तर धागा बारीक घ्यावा लागतो, हे आपल्या पूर्व भागातल्या कोणत्याही मागवाल्याला विचारावे. जास्त काउंटचे सूत म्हणजे बारीक सूत. टायरमधले धागे मागावर विणलेले नसतात, ते रबरात समांतर बसवून एकावर एक तिरके थर दिलेले असतात, पण तत्त्व तेच आहे. जास्त टीपीआयचा टायर हलका, लवचिक आणि पळायला सुखाचा असतो. चिरा सोसण्यात मात्र मध्यम, साठच्या आसपासचा टायर अधिक भरवशाचा. काही उत्पादक तीन थरांतले धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात, तेही लक्षात ठेवावे.

ठोकळ्यांचा मुद्दा लवकर आटोपतो : दोन ठोकळ्यांच्या मधल्या जागेत रबर पातळच असते आणि काटा तिथूनही शिरतो. डांबरी रस्त्यासाठी सपाट, सलग रबराचा टायर चांगला.

शेवटी सीलंट. सराट्याच्या बारीक छिद्राला ते खरोखर उपयोगी पडते. पण आपल्या उन्हात ते काही महिन्यांत सुकते, मोठी चीर त्याने बुजत नाही, साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी त्याने चिकटून बसते, आणि पुढे पंक्चर काढताना ते पुसून काढल्याशिवाय ठिगळ धरत नाही. मुख्य म्हणजे आत शिरलेली वस्तू ते बाहेर काढत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या मागच्या चाकाची हवा आठ दिवसांत तीनदा बसली आणि तिन्ही वेळा फक्त ट्यूबला ठिगळ लावले गेले. चौथ्या वेळेची वाट न पाहता मी टायर काढला, व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून ट्यूबवरची ठिगळे टायरवर कुठे येतात ते पाहिले. तिन्ही एकाच जागी येत होती. तिथे डोळ्यांना काही दिसेना, बोटालाही लागेना. मग कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूच फिरवला आणि त्याचा एक तंतू अडकला. टायर उलट वाकवल्यावर केसाएवढी बारीक पोलादी तार वर आली, ती चिमट्याने ओढून काढली तेव्हा जेमतेम सेंटिमीटरभर भरली. तीच ट्यूब, तिच्यावरच्या तिन्ही ठिगळांसह, आजही त्या चाकात आहे.