कोळणीला मासे पकडायला शिकवू पाहणाऱ्यांस

रविवारी सकाळी वाडीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर ‘जागे व्हा कोकणवासीयांनो’, खाली तीन जोडलेले हात. पाठवणारा माझा डोंबिवलीचा मामेभाऊ. असले मेसेज मी वाचत नाही, बोटानं वर ढकलून देतो. पण आईनं वाचला. तेवढ्यावर न थांबता अकराच्या सुमारास सुकी मासळी विकायला दारावर आलेल्या वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवला आणि वर विचारलं, "खरंच गो, महिन्याला पंधराशे मिळतात ना आता? मग कशाला उन्हातान्हाची फिरतेस?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. सुकटीचं माप घातलं, वर नेहमीची मूठ घातली आणि टोपली उचलून गेल्या. संध्याकाळी आई स्वतःच म्हणाली, "उगाच बोलले रे मी." म्हणून हे लिहितोय, नाहीतर ढकललाच असता.

मेसेज थोडक्यात असा: ‘लाडकी बहीण’च्या 1500 रुपयांनी कोकणातल्या बायका आळशी झाल्या, आंब्या-काजूच्या कामाला माणूस मिळेना. पैसा नवऱ्याच्या दारूत आणि पार्लरमध्ये जातो. पंधराशेत कुणाचा धंदा उभा राहत नाही. आपल्या आज्यांनी कधी फुकटचा पैसा घेतला नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मासे देऊ नका, मासे पकडायला शिकवा.

या शेवटापासूनच सुरू करतो. दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या हाकेवर राहणाऱ्यांच्या ग्रुपवर हे वाक्य टाकायला छातीच लागते. दादा, पुढच्या खेपेला माझ्याबरोबर पाजपंढरीच्या कोळीवाड्यात चल. तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या कोळणीसमोर उभा राहा आणि सांग, की आजी, मासे कसे धरतात ते मी तुम्हाला शिकवतो. ती काय उत्तर देईल ते इथे लिहिता येत नाही, ग्रुपवर लहान मुलं आहेत.

त्या बायकांना नक्की काय येत नाही? मासा ताजा की कालचा ते लांबून कळतं. बोंबलाला किती ऊन लागतं, खळ्यात पसरलेला जवळा कधी फिरवायचा, कुठल्या गावात कुठलं घर उधारी बुडवतं, सगळं तोंडपाठ. नसते ती लिलावाच्या वेळी हातात रोकड. बंदरावर ज्याच्याकडे रोख त्याचा माल. रोख नसेल तर व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचा आणि तो सांगेल त्या हिशेबानं फेडायचा. टोपली दिवसभर हिच्या डोक्यावर आणि सुटलेल्या पैशातला चांगला वाटा त्याचा. हे शिकवून सुटत नाही. शिकवण्याची शिबिरं पुष्कळ झाली आमच्याकडे, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मीच काढल्यात.

‘पंधराशेत धंदा उभा राहत नाही’ हा मुद्दा याच्याच शेजारचा. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं. माझं झेरॉक्सचं दुकान. 2024 च्या जुलैत फॉर्म भरायला बायकांची रांग लागली, पुढे ई-केवायसीला परत लागली, त्यामुळे कुणाचं पासबुक काय सांगतं ते मला बरंच कळतं. ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते मिळून 3000 जमा झाले. वहिनींच्या खात्यातून बँकेनं आधी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड कापून घेतला. बँकेला विचारणारा मेसेज मात्र कुठल्या ग्रुपवर आला नाही.

दसऱ्याला वाडीतल्या दहा जणींनी भिशी सुरू केली. महिन्याला प्रत्येकीचे हजार, चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला दहा हजार. वहिनींचे यजमान बोटीवर खलाशी आहेत. त्यांची उचल हंगामाच्या सुरुवातीलाच खर्चून जाते आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत घरात येणारा पैसा म्हणजे वहिनींचा, आणि तोही मिळालं काम तर. आजवर भिशीत त्यांना कुणी घेत नव्हतं, कारण पावसाळ्यात हप्ता कुठून आणणार? आता दरमहा खात्यात काहीतरी पडणार हे बाकीच्या नऊ जणींनाही ठाऊक होतं. पत आली ती अशी.

एप्रिलमध्ये नाव निघालं. दहा हजारांतले आठ त्यांनी बंदरावर नेले आणि जवळा, बोंबील, थोडे सोडे असा माल रोखीनं भरला. आधी दोन-दोन किलो उधारीवर आणून विकायच्या, या वेळी गोण्या आल्या. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, लोक सुकी मासळी भरून ठेवतात तेव्हा ज्याच्याकडे माल असतो तोच कमावतो. त्यात 2025 चा मे तुला आठवत असेल. वीस तारखेनंतर पाऊस असा कोसळला की वाळत घातलेलं भिजलं, आणि 26 मेला तर मान्सून मुंबईत. ज्यांनी शेवटच्या आठवड्यावर भरवसा ठेवला होता त्यांच्याकडे माल नव्हता. वहिनींचा घरात होता. एका गोणीला ओल लागून बुरशी आली, ती उकिरड्यावर गेली, ते नुकसान धरूनही भिशीचे उरलेले हप्ते जाऊन हातात पैसे राहिले. किती, ते मला माहीत आहे. तुला कशाला सांगू?

एका बाईवरून काय ठरतं, असं तू म्हणणार. बरं, मग केनियाला जाऊ. तिथे 295 गावांत एक मोठा प्रयोग चालू आहे, 2018 पासून. शंभर गावांना काही दिलं नाही, तुलनेसाठी ठेवली. उरलेल्यांत काहींना दरमहा रक्कम बारा वर्षं देण्याचं ठरलं, काहींना दोनच वर्षं, काहींना त्या दोन वर्षांची रक्कम एकदम. रक्कम मोठ्या माणसामागे महिना साडेबावीस डॉलर. त्या वेळच्या भावानं हिशेब कर, पंधराशे रुपयांच्या आसपासच येतात! अभ्यास करणाऱ्यांत अभिजीत बॅनर्जी आहेत, ज्यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं. जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर. (हे एवढ्यासाठी सांगितलं, की तुझ्या ग्रुपवर पाटणकर म्हटलं की माणसं जरा नीट वाचतात.) 2023 मध्ये त्यांनी पहिल्या दोन वर्षांचा हिशेब मांडला. पैसे मिळालेल्यांनी काम सोडलं नव्हतं. दुसऱ्याकडची मजुरी थोडी कमी आणि स्वतःचा धंदा जास्त, असा बदल दिसला. आणि ज्यांना रक्कम एकदम मिळाली किंवा बारा वर्षांची खात्री होती त्यांच्यात धंदे जास्त उभे राहिले. बारा वर्षंवाल्यांनी दरमहाच्या पैशातून मोठी रक्कम कशी जमवली माहीत आहे? भिशी. तिकडे नाव वेगळं, पद्धत हीच. आमच्या दहा जणींनी तो अहवाल वाचलेला नव्हता.

आता मजुरांचं. यात तुझा स्वतःचा काटा रुतलाय, हे ग्रुपला सांगायला हवं. मामांची कलमं आहेत आणि गेल्या हंगामात पेट्या भरायला बायका मिळाल्या नाहीत. पण आंबा बागायतदारांकडे नेपाळी गडी कधीपासून आहेत? ‘लाडकी बहीण’चं नावही नव्हतं तेव्हापासून. फवारणी, राखण, काढणी, सगळं त्यांच्यावर चालतं, कारण आपली पोरं मुंबई-पुण्याला गेली. त्या पोरांना कुणी पंधराशे दिले होते? 1500 ला तीसनं भागलं की दिवसाचे 50 येतात. साडेतीनशेची मजुरी सोडून पन्नासवर घरी बसणारी बाई मला दाखव.

हां, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. काही जणी तुमच्याकडे आल्या नाहीत हे खरं आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, बाप्यांना सहाशे आणि आम्हाला साडेतीनशे, तेही आंबा विकल्यावर, मग नाही आलो. आधी असं म्हणायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशीचं वाण्याचं बिल डोळ्यांसमोर असायचं. याला आळस म्हणायचं असेल तर म्हण, पण मग चारशे करून बघ एकदा.

आपल्या देशातलंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. 2011-12 मध्ये मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं आणि युनिसेफनं आठ गावांतल्या सगळ्यांना दरमहा रोख दिली. मोठ्यांना सुरुवातीला 200, मुलांमागे 100, नंतर 300 आणि 150. तशीच दुसरी बारा गावं तुलनेला. तिथेही काम घटलं नाही. उलट लोक रोजंदारीतून निघून स्वतःच्या शेताकडे, गुराढोरांकडे वळले.

दारू. ज्याला प्यायची तो आधीही पीत होता, तेव्हा बायकोच्या डब्यातले काढून. काही घरांत एटीएम कार्ड नवऱ्याच्याच खिशात असतं, ते मी दुकानात बघतो, नाकारत नाही. पण ‘पैसा दारूत जातो’ हे सगळ्यांबद्दल ठोकून देण्याआधी जागतिक बँकेतल्या दोघा अभ्यासकांनी 19 अभ्यास एकत्र करून तपासलंय ते बघ. रोख मदतीनं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळपास कुठेच दिसलं नाही, काही ठिकाणी तर कमी झाला.

पार्लर. गेली असेल कुणी. जाऊ दे की.

आज्यांचा मुद्दा मात्र सोडणार नाही, कारण ती आजी माझीही होती. ‘आपल्या आज्यांनी फुकटचा पैसा घेतला नाही.’ दादा, आपलं सगळं कोकण मनीऑर्डरवर जगलं. आजोबा लालबागला गिरणीत. पोस्टमन वाडीत शिरला की बायका अंगणात येऊन उभ्या राहत. त्या पैशातून आजीनं म्हैस घेतली, दूध घातलं, भाताचं बियाणं आणलं, तुझ्या वडलांना आणि माझ्या आईला सातवीपर्यंत शिकवलं. आजोबांनी घाम गाळून पाठवले होते, सरकारनं नव्हे, असं तू म्हणशील. बरोबर आहे. पण आपण बोलतोय ते पैसे मिळाल्यावर घरातल्या बाईचं काय होतं याबद्दल. दर महिन्याला घरबसल्या पैसे येत होते, म्हणून आजी आळशी झाली का? पहाटे चारला उठायची ती. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. पुरुष बाहेर, घर-शेत बायकांवर, आधाराला बाहेरून येणारी ठरावीक रक्कम, असं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आणि ती रक्कम थांबली तेव्हा काय झालं, तेही आपल्याच घरात बघ. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डर बंद झाली. मेसेजच्या हिशेबानं आजी तेव्हा जास्त स्वावलंबी व्हायला हवी होती. झालं असं, की आधी म्हैस विकली, मग माझ्या धाकट्या मावशीची शाळा सुटली आणि ती दुसऱ्यांच्या कलमांत पानं गोळा करायला जाऊ लागली.

आता या योजनेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. 2025 मध्ये 14 हजारांवर पुरुषांनीही हा पैसा घेतल्याचं उघड झालं, त्यांना लाडके भाऊ म्हणायचं की काय ते तूच ठरव. 2024 च्या विधानसभेच्या तोंडावर योजना आली ती बायकांच्या प्रेमापोटी, असं मानण्याइतका मीही भोळा नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 36 हजार कोटी ठेवले, तो भार राज्याला झेपतो का, हा प्रश्न रास्त आहे, विचार खुशाल. पण माझी तक्रार तुझ्या तक्रारीच्या उलट्या बाजूची आहे. हप्ता वेळेवर येत नाही. कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी सणाच्या तोंडावर, कधी ‘पडताळणी चालू आहे’. निवडणुकीत 2100 चं आश्वासन दिलं होतं, ते तर राहूच दे. केनियात दरमहा पैसे घेणाऱ्यांत फरक पडला तो बारा वर्षांच्या खात्रीनं. दोनच वर्षं दरमहा मिळणाऱ्यांच्या हाती तेवढं काही उभं राहिलं नाही. इथे पुढच्या महिन्याचंच नक्की नाही. हप्ता पुढे गेला की भिशीत खाडा पडतो, खाडा पडला की नऊ जणी तोंड फिरवतात, आणि वहिनी परत व्यापाऱ्याच्या दारात. ‘जागे व्हा’ म्हणायचंच असेल तर यासाठी म्हण.

जाता जाता एक. वहिनींच्या वहीत उधारीची पानं आहेत. सोमवारी झेरॉक्स काढायला आल्या तेव्हा माझी नजर पडली. गेल्या गणपतीत डोंबिवलीला जाताना तू पाव किलो सोडे नेलेस, त्याचे साडेचारशे अजून तुझ्या नावावर आहेत. त्या मागणार नाहीत, मी सांगतोय. माझ्या नंबरवर पाठव, मी रोख देतो त्यांना. भिशी पाच तारखेला असते, त्याच्या आत पाठव.