कोणी अडवलंच नव्हतं? १९९६ च्या इंडियानापोलिस ५०० चा हिशोब

अमेरिकेतल्या इंडीकार मोटारशर्यतींत पडलेल्या फुटीचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: १९९६ साली कार्ट या जुन्या संघटनेच्या संघांना इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या शर्यतीपासून कोणी रोखलं नव्हतं, तिथल्या धावपट्टीचे प्रमुख टोनी जॉर्ज यांच्या नव्या इंडी रेसिंग लीगवर (आयआरएल) रुसून ते घरी बसले. त्यांच्यावाचून काही अडलं नाही, उलट वेगाचे विक्रम झाले. आणि मिशिगनला त्यांनी स्वतःची शर्यत भरवली तर तिची सुरुवातच अपघाताने झाली.

‘दार उघडं होतं.’ ३ जुलै १९९५ ला जाहीर झालेला नियम बघा. शर्यतीत ३३ गाड्या. त्यातल्या २५ जागा आयआरएलच्या गुणतक्त्यातल्या पहिल्या पंचवीसांना राखीव. त्यांनी ठरलेला किमान वेग गाठला की जागा पक्की. वेगावर मिळवायच्या जागा उरल्या ८. हाच तो ‘२५/८’ नियम. इंडियानापोलिस ५०० च्याच दिवशी मिशिगनला कार्टच्या २७ गाड्या सुटल्या. म्हणजे हा सगळा ताफा इंडियानापोलिसला नेला असता आणि सगळ्यांनी राखीव गाड्यांपेक्षा जास्त वेग काढला असता, तरी किमान १९ गाड्या परत पाठवाव्या लागल्या असत्या. आदल्याच वर्षी पेन्स्के या बड्या संघाच्या दोन्ही गाड्या वेग कमी पडल्यामुळे बाहेर राहिल्या होत्या. तो निकाल कडू होता, पण घड्याळाने दिलेला होता. २५/८ मध्ये घड्याळाला फक्त ८ जागांपुरता अधिकार होता.

‘मग आधीच्या शर्यतींत उतरून गुण मिळवायचे.’ आधीच्या शर्यती दोनच: २७ जानेवारीला डिस्ने वर्ल्ड आणि २४ मार्चला फिनिक्स. कार्टचं वेळापत्रक १७ मार्चला रिओ आणि ३१ मार्चला ऑस्ट्रेलियातलं सर्फर्स पॅरेडाइज. फिनिक्स बरोब्बर मधल्या रविवारी! त्यात आयआरएलमध्ये १९९५ किंवा त्याआधीचीच चॅसी (गाडीचा सांगाडा) चालत होती, तर कार्टचे संघ १९९६ च्या नव्या गाड्यांवर गेले होते. दोन्हीकडे धावायचं तर गाड्या, सुटे भाग, मेकॅनिक सगळं दुप्पट. गॅलेस या कार्टमधल्या संघाने इंडियानापोलिसला गाडी नेली आणि डेव्ही जोन्स दुसरा आला, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. एखादी गाडी आठ जागांत बसू शकते, याबद्दल वाद नव्हताच.

‘विक्रम झाले.’ झाले, आणि आरी लुएनडाइकचे आकडे आजही अबाधित आहेत: चार फेऱ्यांची सरासरी ताशी २३६.९८६ मैल, एका फेरीत २३७.४९८. त्याची पहिल्या दिवशीची पात्रता गाडी ७ पौंड हलकी भरल्यामुळे रद्द झाली होती. हा वेग त्याने दुसऱ्या दिवशी काढला आणि तरीही त्याला विसाव्या क्रमांकावरून सुटावं लागलं. पण १९९५ च्या शर्यतीनंतर धावपट्टीवर नवं डांबर पडलं होतं, आणि पकड वाढली की वळणात गाडीचा वेग तितका कमी करावा लागत नाही. स्पर्धक किती तगडे होते हे या आकड्यांवरून ठरत नाही. ३३ पैकी १७ चालक नवखे होते, हे मात्र सांगायला हवं. बडी लेझियरचा विजय त्यामुळे खोटा ठरत नाही; मोडलेल्या पाठीनिशी त्याने ती शर्यत मारली.

मिशिगनचा अपघात खरा आहे. हिरवा झेंडा पडण्याआधीच पुढच्या रांगेतल्या गाड्या एकमेकींना लागल्या आणि मागच्या त्यांच्यात अडकल्या. जिमी वॅसरने दुसरी, पर्यायी गाडी घेऊन शर्यत जिंकली. चुकले ते चालक. त्यावरून २५/८ योग्य ठरत नाही.

त्या नियमाची खरी परीक्षा १९९७ ला झाली, तीही कार्टचे मोठे संघ मैदानात नसताना. राखीव जागांमुळे लिन सेंट जेम्स आणि जॉनी अन्सर हे चालक बाहेर फेकले गेले, आणि त्यांच्याहून हळू असलेल्या गाड्या आत राहिल्या. शेवटी आयोजकांना दोघांनाही आत घ्यावं लागलं आणि ३३ ऐवजी ३५ गाड्या सुटल्या. १९९८ ला तो नियम राहिला नाही.