बाबांची करंगळी

आज सकाळपासून माझे मन ठिकाणावर नाही, आणि जोवर हे सारे लिहून होत नाही तोवर ते येणारही नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्याकडे एक जुने पेन्सिलचित्र आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबा शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी त्यांच्या उजव्या हाताचे काढलेले. मी चित्रकला कधी शिकले नाही. त्या एका हाताला मला चार दुपारी लागल्या, कारण बाबांची करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली होती आणि ते वळण कागदावर काही केल्या उतरत नव्हते. मी ती इतक्या वेळा खोडली की त्या जागी कागद विरून पातळ झाला आहे. आज माझ्या भाचीने त्या चित्राचा फोटो काढला, एका ॲपला दिला आणि काही सेकंदांत फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, “आत्या, बघ, आजोबांचा हात किती छान करून दिलाय!”

हात खरोखरच देखणा झाला होता. शिरा ठसठशीत, नखांवर उजेड, छायाप्रकाश एखाद्या कसलेल्या चित्रकाराने साधावा तसा. आणि करंगळी सरळ होती.

मी भाचीवर ओरडले. तिच्यावर मी सहसा आवाज चढवत नाही.

हे असे का होते, ते मला ठाऊक आहे. चित्रे करून देणारी ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे असंख्य चित्रांवरून शिकतात. चित्र विस्कटून त्याचे नुसते ठिपके करायचे आणि मग ते ठिपके पायरीपायरीने निवळत नेऊन ‘येथे काय असण्याची शक्यता अधिक’ त्या दिशेने चित्र पुन्हा जुळवत आणायचे, अशी त्यांची तालीम असते. 2022 मध्ये ती सर्वसामान्यांच्या हाती आली तेव्हा त्यांना हातच नीट काढता येत नसत. कुठे सहा बोटे उगवत, कुठे दोन बोटे एकमेकांत वितळत. आता ती सुधारली आहेत, म्हणजे हात सहसा कसा असतो हे त्यांना पक्के कळले आहे. बहुतेक माणसांच्या करंगळ्या सरळ असतात, म्हणून माझ्या बाबांचीही सरळ झाली. त्या बोटाकडे चार दुपारी एकटक पाहणारी मी, आणि त्याच्यावर शेवटचा शब्द मात्र जगातल्या सगळ्या सरळ बोटांचा!

त्या ॲपमधल्या बटणावर ‘सुधारा’ असे लिहिलेले होते. या शब्दाचा मला दिवसभर संताप येतो आहे. पत्र लिहायला घ्यावे तर वाक्य पुढे येऊन उभे राहते, फोटो काढावा तर चेहऱ्यावरची सुरकुती आपोआप पुसली जाते, कुणाच्या दुःखात दोन शब्द लिहावेत तर ते शब्दही तयार मिळतात. आपल्यापैकी कोणालाही हे समजावून सांगायला नको की सांत्वनाच्या पत्रात शब्द सुंदर असण्याला फारसे महत्त्व नसते. लिहिणारा आपल्यासाठी थोडा वेळ अडखळत बसला होता, हे वाचणाऱ्याला त्यातून कळावे लागते. ते अडखळणेच काढून घेतले, तर मागे जे उरते त्याला पत्र म्हणायचे कशासाठी?

मला कोणी म्हणेल की छायाचित्रण आले तेव्हाही लोकांनी हीच ओरड केली होती. केली होती, आणि चित्रकला मेली नाही, हे मला मान्य करावेच लागते. 1874 मध्ये पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले ते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओतच. ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांना पेन्सिल धरताच येत नाही, त्यांना या यंत्रांमुळे चित्र घडवता येते, हेही खरे. पण मला पेन्सिल धरता येत होती, आणि ती धरून बसणे हाच त्या चार दुपारींचा सगळा अर्थ होता.

त्याच आजारपणात मी फोनवर बाबांचे शेकडो फोटो काढले. ते आजही आहेत, तारीखवार लावलेले, कधीही उघडता येतील असे. पण त्यांतला एखादा फोटो काढतानाचा क्षण आठवून पाहिला, तर काहीच हाती लागत नाही. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका वस्तुसंग्रहालयात प्रयोग केला होता आणि तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. त्याच प्रयोगात वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढणाऱ्यांची आठवण मात्र शाबूत राहिली, म्हणजे दोष सगळा कॅमेऱ्याचा नाही. असो. माझ्यापुरते सांगायचे तर त्या हाताचे मला सारे आठवते: अंगठ्याच्या मुळाशी असलेला तीळ, झोपेत मधूनच आवळली जाणारी मूठ, आणि मूठ सुटली की सर्वांत शेवटी, जणू नाइलाजाने उलगडणारी ती करंगळी. मी ती खोडत होते, पुन्हा काढत होते, आणि प्रत्येक वेळी मला तिच्याकडे नव्याने पाहावे लागत होते. पाहण्याशिवाय दुसरे काही करण्यासारखे माझ्या हातात उरलेच नव्हते.

आज मला कोणी तशा चार दुपारी दिल्या, तर मी त्यांचे काय करीन, याची मला खरोखर भीती वाटते. फोन शेजारी असेल, मी तो ‘एकच मिनिट’ म्हणून उचलीन, आणि बोटाने कितीही वर सरकवले तरी त्यावरचे पान काही संपणार नाही. ते संपू नये अशीच त्याची रचना आहे. 2006 मध्ये ही न संपणाऱ्या पानाची युक्ती शोधणारे एझा रास्किन यांनी पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, पण तो खेद माझ्या गेलेल्या संध्याकाळी परत आणून देत नाही. वेळ वाचवणारी इतकी साधने घरात असून वाचलेला वेळ मला कधी सापडला नाही.

इतके लिहून झाल्यावर राग जरा निवळला आहे, आणि भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आहे. आजोबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिच्या आठवणीत त्यांचा हात नाहीच. जो काही आहे तो माझ्या या चित्रातला, पुसट आणि खोडलेला. तिला तो स्पष्ट पाहायचा होता. तिने ते प्रेमानेच केले होते, हे मला त्या क्षणीही कळत होते आणि तरीही मी ओरडले.

संध्याकाळी ती पुन्हा माझ्या खोलीत आली. ॲपने केलेले चित्र तिने काढून टाकले होते. मी तसे सांगितले नव्हते. काही न बोलता तिने मूळ चित्र उचलले, दिव्यासमोर धरले आणि कागद पातळ झालेल्या जागेतून येणारा उजेड बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, “आत्या, आजोबांची करंगळी वाकडी कशाने झाली होती?”

मला सांगता आले नाही. ती जन्मापासून तशी होती की लहानपणी कुठे पडून मोडली होती, मला माहीत नाही. चार दुपारी मी त्या बोटाकडे पाहत होते, बाबा बहुतेक वेळ झोपलेले असत, आणि जागे असत तेव्हाही हे विचारावे असे माझ्या मनात आले नाही. उद्या दादाला फोन करणार आहे. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे, कदाचित त्याला ठाऊक असेल.