‘पाच अंकांतला वेताळ नकली’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या वेताळाच्या, म्हणजे मुखवटेवाल्या ‘फँटम’च्या, १२ जुन्या अंकांचा गठ्ठा मागवला होता आणि आम्हाला दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १२ पैकी पाच अंकांतला वेताळ ‘ठोकळेबाज, शाळकरी पोराने काढल्यासारखा’ आहे, म्हणजे ते अंक नकली, मुखपृष्ठावर एक वेताळ आणि आत दुसराच, एका अंकात गोष्ट मध्येच दोनदा तुटते, आणि वर त्याच पाच अंकांना जास्त पैसे लावलेत.

गोष्ट तुटण्याची तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे, म्हणून आधी तीच. तुम्ही लिहिलंय की १२व्या पानानंतर एकदा तुटते आणि पुढे चार पानांनी पुन्हा. एवढ्यावरून नेमकं काय झालं ते कळतं. हे अंक मध्ये पिना मारलेले असतात. ३२ पानांच्या अंकात आठ कागद दुमडलेले, प्रत्येक कागदाची चार पानं. मधोमधच्या कागदावर १५ ते १८ ही पानं येतात आणि त्याच्या लगेच बाहेरच्या कागदावर १३, १४, १९, २०. तो एक कागद निसटला की पुढची दोन आणि मागची दोन पानं एकदम जातात, मधली चार मात्र जागेवर राहतात. पिना गंजल्या की हे होतंच. अंक पाठवण्याआधी आठही कागद मोजायला हवे होते, या अंकाचे मोजले गेले नाहीत. त्याचे पूर्ण पैसे परत करतो, अंक तुमच्याकडेच राहू द्या.

गोष्ट तुटते ती दरवेळी कागद गेल्यामुळेच असं मात्र नाही. मूळ वेताळ ही अमेरिकी वर्तमानपत्रांतली रोजची चित्रपट्टी, दिवसाला तीन-चार चौकटी. गोष्ट महिनोनमहिने चालायची, आणि वाचक कालचं विसरला असेल म्हणून सुरुवातीला थोडी उजळणी असायची. इंद्रजालच्या ठरावीक पानांत ती बसवताना चौकटी गाळल्या, कापल्या, नव्याने मांडल्या. त्यामुळे आठ कागद पुरे असूनही एखादं पात्र अचानक दुसऱ्याच गावात उगवत असेल, तर ती कात्री तेव्हाच्या संपादकांची. बाकीचे ११ अंक या हिशोबाने एकदा मोजून बघा. आणखी कुठे कागद कमी निघाला तर त्याचेही पैसे देऊ.

आता नकलीचा आरोप. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतले पाचही अंक अस्सल आहेत. त्यांतली चित्रं विल्सन मकॉय यांची आहेत आणि उरलेल्या सात अंकांतली साय बॅरी यांची. वेताळ लिहिला ली फॉक यांनी, १७ फेब्रुवारी १९३६पासून थेट १९९९मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. लेखक एक, हात अनेक. पहिले चित्रकार रे मूर. ते १९४२मध्ये युद्धावर गेले, तेव्हा त्यांचे मदतनीस मकॉय यांनी काम हातात घेतलं. मूर परतल्यावर काही वर्षं दोघांचं काम येत राहिलं, पुढे मकॉय एकटेच. १९६१मध्ये मकॉय वारले. थोडे दिवस बिल लिग्नांटे यांनी निभावलं आणि मग आले साय बॅरी, ते १९९४पर्यंत. त्यांच्या नंतर जॉर्ज ओलेसन, पॉल रायन, माइक मॅनली वगैरे.

तिघांचा हात ओळखायला भिंग लागत नाही. मूरचा वेताळ सडपातळ, अर्धा अंधारात विरघळलेला. काळी शाई भरपूर, कडा धूसर. मकॉयची रेषा जाड आणि सगळीकडे एकसारखी. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, बोटं एकमेकांना चिकटलेली, घोडा जत्रेतल्या लाकडी खेळण्यासारखा. बॅरीची रेषा बारीक, कुठे पातळ कुठे जाड. रुंद जबडा, दंडावर स्नायूंच्या बारीक रेघा, झाडांची पानं थरावर थर. डोळ्यांवरून ओळखायला जाऊ नका, मुखवट्याआड बुबुळं न दाखवण्याची रीत सगळ्यांनी पाळलीय.

इंद्रजाल मार्च १९६४मध्ये सुरू झालं. तोपर्यंत मकॉयच्या गोष्टींचा साठा तयार होता आणि बॅरीच्या नव्या गोष्टी येत होत्या. छापताना मूळ क्रम पाळला गेला नाही. पहिलाच अंक, वेताळाच्या कमरपट्ट्याची गोष्ट, १९५४ची आणि मकॉयची. त्यामुळे साठच्या दशकातले अंक ओळीने लावले तर वेताळ एका महिन्यात धिप्पाड होतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठोकळा. अमेरिकेतल्या वाचकाने हा बदल एकदाच सोसला, आपल्याकडच्या वाचकाच्या वाट्याला तो पुन्हा पुन्हा आला. त्यातून चौकटी कापताना कोपऱ्यातली चित्रकाराची सही अनेकदा उडाली. मग दुसरा चित्रकार आहे हे वाचकाला कळणार कुठून? त्याला वाटणार की कुणीतरी नक्कल मारलीय. तुम्हाला तसं वाटलं यात काही नवल नाही.

मुखपृष्ठाने घोळ आणखी वाढवला. इंद्रजालची मुखपृष्ठं इथेच रंगवली जायची, सुरुवातीच्या काळातली बरीचशी गोविंद ब्राह्मणिया यांनी. भरीव अंग, गडद रंग, उसळणारा घोडा. आत मकॉय असो की बॅरी, वर गोविंद. म्हणजे मुखपृष्ठावरून आतला चित्रकार ओळखताच येत नाही, आणि आम्ही यादीत फक्त मुखपृष्ठांचे फोटो टाकले होते. इथे तुमचा राग रास्त आहे. यापुढे प्रत्येक अंकाच्या आतल्या एका पानाचा फोटो आणि चित्रकाराचं नाव टाकणार आहोत. जुन्या यादीतले अंक सवडीने दुरुस्त होतील, तोवर विचारलंत तर फोटो पाठवू.

नकली अंक बाजारात नाहीत असं नाही, म्हणून तपासणी सांगून ठेवतो. चित्राची शैली बघून काही कळत नाही, कागद बघा. दहापट भिंगातून अस्सल अंकाच्या रंगात छपाईचे ठिपके दिसतात, झेरॉक्समध्ये पावडरचे कण विखुरलेले दिसतात. जुना कागद कडेकडून आत पिवळा पडत जातो. सगळीकडे सारखाच पिवळा असेल तर संशय घ्या. पिनेच्या गंजाचा डाग आतल्या प्रत्येक कागदावर त्याच जागी उतरलेला हवा. आणि सर्वांत सोपी खूण: पानावर घडीची रेघ दिसते, पण बोट फिरवलं तर लागत नाही. तशी रेघ असली तर ती मूळ अंकासोबत स्कॅन होऊन आलेली आहे, तो अंक सरळ परत करा. तुमच्या तिसऱ्या फोटोत घडीवरची शाई उडून खालचा कागद उघडा पडलाय. छापलेल्या घडीत असं होत नाही.

जास्त पैशांचं म्हणाल तर ते चित्रांच्या दर्जाचे नाहीत. मकॉयच्या गोष्टी मुख्यतः सुरुवातीच्या अंकांत आहेत. ते अंक रद्दीत गेले, पोरांनी फाडले, त्यामुळे आज कमी मिळतात. इंद्रजाल १९९०पर्यंत चाललं, आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. नंतरचे अंक त्यामानाने बऱ्यापैकी सापडतात. जे तुम्हाला बेढब वाटतात तेच दुर्मीळ, याला आम्ही काय करणार!

‘चित्रकार बदलायचाच होता तर आधीच्यासारखा काढणारा आणायचा’ असंही तुम्ही लिहिलंय. हे जमतं, पण आधीचा माणूस हयात असेल आणि त्याची तयारी असेल तर. ‘प्रिन्स व्हॅलियंट’ या दुसऱ्या वर्तमानपत्री चित्रकथेत हॅल फॉस्टर यांनी १९७१मध्ये पान जॉन कलन मर्फी यांच्याकडे दिलं आणि पुढे १९८०पर्यंत कथा व कच्ची रेखाटनं स्वतःच देत राहिले. वाचकाला सांधा फारसा टोचला नाही. मकॉय मात्र काम चालू असतानाच गेले. जादूगार मँड्रेकचंही तेच: फिल डेव्हिस १९६४च्या डिसेंबरमध्ये गेले आणि १९६५पासून फ्रेड फ्रेडरिक्स आले. डेव्हिसची गुळगुळीत चित्रं आवडणाऱ्यांना फ्रेडरिक्सची खरखरीत रेष आजही खुपते. ज्याचा हात आधी पाहिला तोच खरा वाटतो. आपल्याकडे बहुतेकांनी बॅरी आधी पाहिला, म्हणून मकॉय कच्चा ठरला.

आमच्या मते मकॉयवर अन्याय होतो. वर्तमानपत्री पट्टी लहान करून, स्वस्त कागदावर, सरकलेल्या रंगांत छापली की बॅरीची बारीक रेघ गिचमिड होते; मकॉयची जाड रेषा तशीच ठसठशीत राहते. तुमच्याकडच्याच दोन अंकांतली मारामारीची पानं शेजारी ठेवून हातभर अंतरावरून बघा. कोण कुणाला मारतोय हे मकॉयच्या पानात आधी कळेल.

तरीही तुम्हाला बॅरीच हवा असेल तर तसं करू. पाचपैकी कागद निसटलेल्या अंकाचा हिशोब वर झालाच, उरलेले चार परत पाठवा. बदल्यात बॅरीचे चार देतो आणि किमतीतला फरक परत करतो. टपालखर्च आमचा. पुढेही फक्त बॅरी हवा असेल तर इंद्रजालचं वर्ष बघू नका, मूळ गोष्ट १९६२ किंवा त्यानंतरची आहे का ते विचारा. वेताळ-डायनाचं लग्न मूळ पट्टीत १९७७मध्ये झालं, तेव्हा लग्नानंतरच्या गोष्टीत मकॉय सापडायचा नाही.

पाठवताना अंक गुंडाळू नका, पिनेपाशी फाटतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, पुठ्ठे अंकापेक्षा बोटभर मोठे घ्या, चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच लावा. गंजलेल्या पिना काढायला जाऊ नका, इथे आल्यावर आम्ही बघू.

— दुकानातर्फे